चेंडू कोणी बघायचा नाही?

आंतरशालेय बास्केटबॉलच्या सामन्यात हमखास घडणारा एक प्रसंग आहे. चेंडू एका बाजूला, साइडलाइनजवळ असतो आणि सगळ्यांच्या माना तिकडं वळलेल्या असतात. तेवढ्यात शिट्टी वाजते ती रिंगखाली. कुणातरी खेळाडूचे वडील ताडकन उठतात, "अहो सर, चेंडू तिकडं आहे, तुम्ही बघताय कुठं?" मी बरीच वर्षं शिट्टी फुंकतोय, पण या प्रश्नाचं उत्तर सामना चालू असताना कधी देता आलेलं नाही. उत्तर असं की काका, चेंडू तुम्ही बघत होतात, माझा जोडीदार बघत होता, मैदानावरची निम्मीअधिक मुलंही तोच बघत होती. म्हणून मी बघत नव्हतो.

दोन पंचांच्या सामन्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे: कोण कुठं उभा राहणार आणि कोण चेंडूवरची नजर काढून घेणार. प्रेक्षकाला हे कळलं की सामना वेगळा दिसायला लागतो. नव्या पंचाला कळलं नाही, तर नियमांचं पुस्तक पाठ असूनही उपयोग होत नाही.

मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. एका वेळी खेळ बहुतेक अर्ध्या मैदानात चालतो. म्हणजे २१० चौरस मीटर, त्यात दहा खेळाडू आणि त्यांच्यावर चार डोळे. मोठ्या स्पर्धांत तीन पंच असतात. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगनं १९७८-७९ च्या हंगामात तीन पंच वापरून पाहिले, पुढच्या वर्षी परत दोनांवर आले आणि १९८८-८९ पासून तीन कायम केले. पण शाळा, कॉलेज, जिल्हा या पातळीवर आपल्याकडं तिसऱ्या पंचाचं मानधन कुणी द्यायचं, इथूनच प्रश्न सुरू होतो. त्यामुळं दोघांनीच भागवायचं.

कामाची वाटणी मात्र या खेळाच्या जन्माइतकी जुनी आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी तेरा नियम लिहिले. त्यात दोन अधिकारी होते. अंपायरनं माणसांचा न्याय करायचा आणि फाउल टिपायचे. रेफ्रीनं चेंडूचा न्याय करायचा, म्हणजे तो कुणाचा, कधी बाहेर गेला, बास्केट झाली का, ते ठरवायचं. एक जण माणसांवर, एक जण चेंडूवर. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या आजच्या नियमांत मुख्य पंचाला क्रू चीफ म्हणतात आणि दुसऱ्याला अजूनही अंपायरच. फरक इतकाच की तेव्हा कामं ठरलेली होती. आता ती सामना चालू असताना दर काही सेकंदांनी एकाकडून दुसऱ्याकडं जातात.

या दोन कामांची नावं लीड आणि ट्रेल. खेळ ज्या रिंगकडं चाललाय तिथं आधीच जाऊन एन्डलाइनबाहेर, म्हणजे रिंगमागच्या रेषेबाहेर, उभा राहतो तो लीड. खेळाच्या मागून येतो, साधारण मध्यरेषा आणि तीन गुणांची रेषा यांच्या दरम्यान, साइडलाइनच्या बाजूला राहतो तो ट्रेल. दोघं समोरासमोर उभे राहत नाहीत. ते तिरके उभे राहतात, चौकोनी पोळपाटाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत असावेत तसे. दहाच्या दहा खेळाडू या दोघांच्या मधे कोंडलेले राहिले पाहिजेत, हा पहिला नियम. एखादा खेळाडू तुमच्या पाठीमागं गेला की तो कुणाच्याच नजरेत नसतो.

आता यातली गंमत. जेवणाच्या टेबलावर दोन नाणी घेऊन बसलात तर लगेच पटेल. ट्रेल रिंगकडं तोंड करून उभा आहे. त्याच्या डाव्या हाताची साइडलाइन त्याची, शिवाय मध्यरेषाही त्याचीच. लीड एन्डलाइनवर मैदानाकडं तोंड करून उभा आहे. त्याच्याही डाव्या हाताची साइडलाइन त्याची, आणि एन्डलाइनही. दोघांचं लक्ष आपापल्या डावीकडं, म्हणजे दोन साइडलाइन आपोआप वाटल्या गेल्या. आता चेंडू हिसकावला गेला आणि खेळ उलटा फिरला. ट्रेल होता तो आपल्याच साइडलाइनच्या कडेनं पळत दुसऱ्या टोकाला जातो आणि लीड होतो. पळताना ती रेषा त्याच्या उजव्या हाताला येते, पण टोकाला पोचून तो मैदानाकडं वळला की पुन्हा डावीकडं. लीड होता तो आपल्या बाजूनं वर येतो आणि ट्रेल होतो. त्याचीही रेषा डाव्या हातालाच. कुणी कुणाला ओलांडून जात नाही, एकमेकांवर आदळत नाही. नव्या पोरांना मी मैदानावर उभं करून आधी हेच करायला लावतो. चेंडू नाही, खेळाडू नाहीत. मी टाळी वाजवली की पळायचं. दहा मिनिटांत अंगात भिनतं. कागदावर समजावलं तर तासभर लागतो आणि तरी एखादा उजवीकडं जातोच.

उभं कुठं राहायचं हे कळलं. पण नेमकं बघायचं काय? इथं मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

तेव्हा मी नवा होतो. मुलींचा सामना, मी ट्रेल. चेंडू माझ्यापासून लांबच्या बाजूला, तीन गुणांच्या रेषेजवळ, बारा-तेरा मीटरवर. मी माझ्या साइडलाइनला चिकटून उभा, कारण जागा सोडायची नाही असं कुठंतरी डोक्यात बसलेलं. ड्रिबल करणारी मुलगी आत घुसली आणि पडली. मला दिसली बचाव करणारीची पाठ, आणि तिच्यामागं कुणीतरी कोसळतंय एवढंच. मी शिट्टी मारली, बचाव करणारीवर फाउल दिला. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं अजून आठवतं.

मध्यंतरात माझे जोडीदार, वयानं आणि अनुभवानं मोठे, बाकावर येऊन बसले. समोर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्यांनी त्या एकामागं एक ठेवल्या आणि म्हणाले, "खाली वाक. किती दिसतात?"

"एक, सर."

"त्या लागल्यात का एकमेकींना?"

मला सांगता येईना. त्यांनी माझा खांदा धरून मला दोन पावलं बाजूला सरकवलं. आता दोन्ही दिसत होत्या. मधे चार बोटं अंतर होतं.

"लागलेल्या नव्हत्याच," ते म्हणाले. "तू तिथंच उभा राहून अंदाज केलास. चहा घे."

सगळं पोझिशनिंग या दोन बाटल्यांत आहे. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसली पाहिजे. ती दिसत असेल तर दहा मीटरवरूनही फाउल बरोबर देता येतो. दिसत नसेल तर तीन मीटरवरून दिलेला निर्णयसुद्धा अंदाजच. जवळ जाण्याचा मोह मोठा असतो, कारण जवळ गेलं की आपण काम करतोय असं प्रेक्षकांना वाटतं आणि आपल्यालाही. पण फार जवळून सगळं वेगानं पळतं, धक्क्याआधी काय घडलं ते निसटतं. ट्रेलनं चेंडूवाल्यापासून चार-पाच मीटर राहावं, असा माझा हिशोब. आणि निर्णय घ्यायच्या क्षणी शक्य तितकं स्थिर असावं. पळता पळता मोबाइलवर फोटो काढला तर जसा येतो, तसंच पळताना बघितलेलं दिसतं.

दुसरी गोष्ट, नजर बचाव करणाऱ्यावर ठेवायची. चेंडूवाला काय करतोय ते कडेच्या नजरेत येतंच. बचाव करणारा जागेवर आधी आला होता का, छाती समोर होती का, हात सरळ वर होते की पुढं झुकले, यावरच फाउल कुणाचा ते ठरतं. स्टेप्स झाल्या की नाही, म्हणजे चेंडू न टिपता जास्त पावलं टाकली का, हे मात्र अर्थातच चेंडूवाल्याच्या पायांवरून.

आता लीडचं काम. तो एन्डलाइनच्या बाहेर एक-दोन मीटर मागं, किंचित तिरका उभा राहतो. त्याचा पट्टा ठरलेला. डावीकडं तीन गुणांच्या रेषेपर्यंत, उजवीकडं फार तर पेंटच्या, म्हणजे रिंगसमोर आखलेल्या चौकटीच्या, पलीकडच्या कडेपर्यंत. बरोब्बर रिंगच्या खाली उभं राहणं ही नवशिक्याची खूण. तिथून वर बघितलं तर जाळी दिसते, समोर बघितलं तर पोटं दिसतात. लीडच्या ताब्यात पेंटमधली धक्काबुक्की, पोस्टवरची, म्हणजे रिंगजवळ जागा धरून उभ्या खेळाडूंची ढकलाढकली, हल्ला करणारा तीन सेकंदांहून जास्त पेंटमध्ये थांबला का ते, चेंडूपासून लांब चाललेल्या स्क्रीन (साथीदार मोकळा व्हावा म्हणून बचाव करणाऱ्याची वाट अडवणं) आणि डावीकडचा कोपरा. त्या कोपऱ्यातून मारलेला तीन गुणांचा शॉटही त्याचाच. बाकीचे सगळे तीन गुणांचे शॉट ट्रेलचे.

रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखलेलं असतं. हवेत उडालेला, चेंडू ताब्यात असलेला खेळाडू त्या अर्धवर्तुळात उभ्या असलेल्या बचाव करणाऱ्यावर आदळला, तर साधारणपणे चार्ज, म्हणजे हल्ला करणाऱ्याचा फाउल, देत नाहीत. म्हणजे लीडला एकाच क्षणी खाली पाय आणि वर हात बघायचे असतात. त्यासाठी मागं जागा हवी. आणि आपल्याकडं नेमकी तीच नसते. सिमेंटच्या मैदानावर एन्डलाइनच्या मागं लगेच भिंत, नाहीतर तारेचं कुंपण, नाहीतर मांडी घालून बसलेली सहावीची पोरं. रिंगचा खांब कधीकधी इतका पुढं की लीड सरकताना त्यावर खांदा आपटतो. मी सामन्याआधी फिरून पोरांना मागं बसवतो आणि खांबापासून किती पावलं सोडायची ते मोजून ठेवतो. दुपारच्या सामन्यात ऊन कुठल्या टोकाला डोळ्यांवर येणार तेही. पंचांनी सामन्याच्या २० मिनिटं आधी मैदानावर असावं असं नियम सांगतो, त्यातली माझी पाच-सात या कामात जातात.

ट्रेलचं काम वरून सोपं वाटतं, आणि दोन पंचांच्या पद्धतीत तेच जास्त अवघड आहे असं माझं मत. सगळे मान्य करत नाहीत. बाहेरच्या भागात चेंडू असेतोवर तो ट्रेलचा. रिंगकडं जाणारा चेंडू वाटेत अडवला का, बोर्डला कुणी हात लावला का, हे ट्रेलनं बघायचं, कारण लीड खाली माणसांत गुंतलेला असतो. चेंडू मध्यरेषेपलीकडं न्यायचे आठ सेकंद मोजायचे ट्रेलनं. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळावर नजर ट्रेलची. कितीतरी ठिकाणी ते घड्याळच नसतं, टेबलवर एक मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसतो आणि मधेच सामना बघण्यात हरवतो.

पण ट्रेलचा खरा कस लागतो तो लांबच्या बाजूला, म्हणजे माझी फजिती झाली तिथं. ट्रेल डावीकडं, लीड खाली उजवीकडच्या कोपऱ्याजवळ. उजवीकडचा वरचा भाग, कोपऱ्याच्या वर आणि तीन गुणांच्या रेषेबाहेर, दोघांपासूनही लांब. तीन पंच असले तर तिथं एक जण उभा असतो. दोघांत तो भाग ट्रेलनंच घ्यायचा. मग त्याला साइडलाइन सोडून आत यावं लागतं, प्रसंगी मैदानाच्या मध्यापर्यंत. आत आलं की फट दिसायला लागते. पण पास उलटा डावीकडं गेला तर आपण मधे सापडलेलो असतो आणि आपलीच साइडलाइन पाठीमागं. तेव्हा आत शिरताना पाय मागं घ्यायची तयारी हवी. चेंडू परत येताना दिसला की खेळाडूंच्या मागून, म्हणजे मध्यरेषेच्या बाजूनं, आपल्या जागी जायचं.

याच भागातून खेळाडू चेंडू घेऊन आत घुसला की हस्तांतर होतं. तीन गुणांच्या रेषेबाहेर तो ट्रेलचा होता, पेंटमध्ये शिरला की लीडचा. मधल्या दोन-तीन पावलांत तो दोघांचाही असतो आणि तिथंच दोन शिट्ट्या एकदम वाजतात. दोन शिट्ट्या वाजण्यात काही वाईट नाही. वाईट तेव्हा, जेव्हा एक जण चार्ज दाखवतो आणि दुसरा ब्लॉक, म्हणजे बचाव करणाऱ्याचा फाउल. मग टेबलपासून प्रेक्षकांपर्यंत सगळे हसतात. म्हणून सवय अशी लावायची: मूठ वर, थांबायचं, जोडीदाराकडं बघायचं. खेळ ज्याच्या दिशेनं येत होता, त्यानं पुढं व्हायचं. दुसऱ्यानं हात खाली घ्यायचा. अहंकार असलेल्या पंचाला हे जमत नाही, आणि पंचांना अहंकार जरा असतोच.

शॉट सुटला की काय? प्रेक्षक चेंडूचा प्रवास बघतात. लीडनं तो अजिबात बघायचा नाही. चेंडू आत जाणार की नाही, यात त्याला रस असता कामा नये. खाली सहा-सात जण रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परत येणाऱ्या चेंडूसाठी, जागा अडवतायत, कोपर मारतायत, जर्सी ओढतायत, ते बघायचं. ट्रेलनं त्या क्षणी एक-दोन पावलं पुढं यायचं. वरून कुणी कुणाच्या पाठीवर चढतंय का ते त्याला चांगलं दिसतं. पण बहुतेक ट्रेल नेमकं उलटं करतात. शॉट सुटला की पाठ फिरवून दुसऱ्या टोकाकडं पळायला लागतात, कारण चेंडू हिसकावला गेला तर त्यांनाच लीड व्हायचं असतं आणि उशीर होईल अशी धास्ती असते. त्या दीड सेकंदात रिंगखाली काहीही चालतं.

धास्ती खोटी नसते, हेही सांगितलं पाहिजे. फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या झटपट हल्ल्यात, सोळा वर्षांची पोरं चेंडू घेऊन सुटतात आणि चाळिशीच्या पंचाला त्यांच्याआधी टोक गाठायचं असतं. गाठता आलं तर उत्तम, एन्डलाइनवरून दोघांमधली फट स्पष्ट दिसते. गाठता आलं नाही तर पोरांच्या मागं मागं धावू नका. मागून फक्त पाठी दिसतात, त्याच दोन बाटल्या. त्यापेक्षा आपल्या साइडलाइनच्या कडेनं रुंद राहा, फ्री थ्रो रेषेच्या पातळीला थांबा आणि बाजूनं बघा. आणि पळताना मान वळलेली हवी, खेळाकडं पाठ कधीच नाही. माझ्या मानेला याचा त्रास आहे, बायको म्हणते उशी बदला.

समोरचा संघ पूर्ण मैदानभर प्रेस करत असेल, म्हणजे चेंडूवाल्या संघाला त्याच्याच अर्ध्या मैदानात घेरत असेल, तर लीडनं आपल्या टोकाला जाऊन निवांत उभं राहण्यात अर्थ नसतो. तिकडं कुणीच नसतं. त्यानं मध्यरेषेच्या आसपास थांबावं आणि ट्रेलला मदत करावी. एकट्या ट्रेलला आठ जणांची झटापट दिसत नाही.

फ्री थ्रोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चेंडू लीड देतो, पाच सेकंद ट्रेल मोजतो, आणि रांगेतल्या खेळाडूंपैकी प्रत्येक पंचानं आपल्यापासून पलीकडच्या बाजूचे बघायचे, कारण जवळच्यांची नुसती पाठ दिसते.

फाउलनंतर मात्र एक बारीक गोष्ट घडते. शिट्टी मारणारा टेबलकडं जाऊन बोटांनी नंबर दाखवतो, आणि खेळ पुन्हा सुरू होताना बहुतेक वेळा दोघांच्या जागा बदललेल्या असतात. यामुळं कुणी एकच पंच सतत एकाच बाजूला राहत नाही. दोन्ही बाकांवरच्या कोचना दोघांचीही सोबत मिळते, आणि आम्हाला दोन्ही कोचची. "एकच रेफ्री आमच्यावर टपून आहे" ही तक्रार निम्मी तरी इथंच गळते. उरलेली निम्मी कुठल्याही उपायानं जात नाही.

शेवटच्या सेकंदांत पुन्हा तीच वाटणी. शॉट हातातून सुटला आधी की वेळ संपल्याचा भोंगा वाजला आधी, हे ट्रेलनं ठरवायचं. मोठ्या ठिकाणी बोर्डच्या कडेला लाल दिवा लागतो, आपल्याकडं कान आणि डोळे. लीड त्यात पडत नाही, फार तर ट्रेलनं विचारलं तर सांगतो.

मागं एका अंतिम सामन्यात एक गुणानं मागं असलेल्या संघाच्या मुलीनं अगदी शेवटच्या क्षणी, लांबून, एका हातानं चेंडू फेकला. तो गेला. जोडीदारानं हात वर करून तीन गुण दाखवले, पोरी मैदानात धावत आल्या, कुणीतरी ढोल बडवायला लागलं. सगळे तो शॉट कसा गेला ते एकमेकांना सांगत होते. मी लीड होतो. त्या वेळी मी पेंटमध्ये दोन उंच मुलींच्या गुंतलेल्या हातांकडं बघत होतो, कोण कुणाला धरतंय ते. कुणीच धरलं नव्हतं. शॉट मी रात्री घरी आल्यावर मुलीच्या फोनवर बघितला. व्हिडिओत कडेला मीही दिसतो, पेंटकडं तोंड करून, सगळ्या मैदानात एकटाच भलतीकडं बघणारा.